इस्त्रीचा डाग

लाकडाला खड्डा पडला तर तो लगेच भरायचा नसतो, आधी उठवायचा असतो. ओल्या फडक्याची घडी खड्ड्यावर ठेवायची आणि वरून गरम इस्त्री टेकवायची. वाफ आत शिरते, दबलेलं लाकूड फुगतं आणि खड्डा बऱ्यापैकी वर येतो. जेवढा येत नाही तेवढाच मग भरायचा. हे मला अकरा-बारा वर्षांची असताना माहीत होतं आणि भाकरी मात्र विसाव्या वर्षीही गोल होत नव्हती. आई पाहुण्यांसमोर सांगायची, "हिच्याकडं टेबल द्या, गुळगुळीत करून देईल. भाकरी तेवढी मागू नका." पाहुणे हसायचे, अप्पाही हसायचे. मी रागावल्यासारखं करायचे, पण मला त्यात थोडा अभिमानच होता.

आमचं घर नाशिकला पेठ रोडवर होतं. पुढं पत्र्याची शेड आणि मागं दोन खोल्या. शेडमध्ये अप्पांचं पॉलिशचं काम चाले. लोकांची कपाटं, खुर्च्या, पलंग, देव्हारे आमच्याकडं येत आणि महिना-पंधरा दिवस आमच्या घरातलेच होऊन राहत. अभ्यास मी नेहमी परक्या टेबलांवर केला. शेजारी पिठाची गिरणी होती, तिचा पट्टा सकाळी आठपासून फट्फट् करायचा. आमच्या बाजूनं पॉलिश पेपरची खरखर. गिरणी बंद पडली की मला ती खरखर इतकी मोठी वाटायची की कानावर हात ठेवावासा वाटे. वास मात्र एकच होता, स्पिरिटचा. चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ चकत्या, स्पिरिटमध्ये भिजत घातलेल्या बरण्या ओळीनं मांडलेल्या असायच्या. खुरासणीच्या चटणीलासुद्धा तोच वास येतो असं माझ्या मैत्रिणी म्हणायच्या. मला कधी आला नाही. माझ्या लेखी चटणीचा वासच तसा होता.

आई मखमलाबादची, माळ्याची लेक. पहाटे तिच्या भावाच्या मळ्यातून झेंडू आणि शेवंती यायची आणि ती पंचवटीत हार करायला बसायची. माझी मोठी बहीण शोभा तिच्याबरोबर जाई. वाटणीच होती ती, शोभा आईची आणि मी अप्पांची. आम्ही दोघी लहान असताना अप्पा एक खेळ घ्यायचे. आईच्या डोक्यातला एक केस वर्तमानपत्राच्या पानाखाली ठेवायचे, आमच्या डोळ्यांवर टॉवेल बांधायचे आणि बोटांनी तो शोधायला सांगायचे. "डोळ्याला काय, काहीही दाखवता येतं," ते म्हणायचे. "हात फिरवा, हात." शोभा माझ्याआधी केस शोधायची आणि मग तिला पॉलिशच्या कामात काडीचा रस नसल्याचं अप्पांना फार वाईट वाटायचं. ते स्वतः असंच काम तपासत. फळी घासून झाली की डोळे मिटून चार बोटं वरून न्यायची, दाबायची नाहीत. कुठं उंचवटा, कुठं खोलगट, कुठं भरलेली लाख अजून वर राहिलीय, ते सगळं त्यांच्या बोटांना समजायचं. गिऱ्हाईक उभं असलं तर ते हे जरा जास्तच ऐटीत करत.

शोभाला कावीळ झाली आणि अकरा दिवसांत ती गेली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. त्यावर मी इथं फार लिहिणार नाही, कारण त्या दिवसांचं मला फारसं आठवतच नाही. आठवतं ते नंतरचं वर्ष. घरात भांडण नव्हतं, रडारड नव्हती, बोलणंच नव्हतं. आई हार करायची, अप्पा घासायचे, मी बी.कॉम.चा अभ्यास करायचे आणि दुपारी शेडमध्ये बसायचे. कोणी मेलं की लोक म्हणतात काळीज फाटलं. माझं तसं काही झालं नाही. मला भूक लागायची, झोप लागायची, परीक्षेत मार्क पडले. फक्त काहीच आत जायचं नाही. सणाच्या दिवशी पुरणपोळी खाल्ली आणि हात धुताना आठवेना की आत्ता काय खाल्लं. मला स्वतःची भीती वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

अशात मला नोकरीचं पत्र आलं. कळवणच्या एका शाळेत लेखनिकाची जागा होती, येत्या सोमवारी हजर व्हायचं होतं. अर्ज मी केला होता, पण का केला ते कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. एवढंच माहीत होतं की त्या घरात राहिले तर मी अशीच राहीन. अप्पांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बरं झालं." आई म्हणाली, "जेवायची सोय काय हाय तिथं?" मी म्हटलं, खोलीवाल्या बाई डबा देतील. विषय संपला. एक मुलगी गेली होती आणि दुसरी निघाली होती, त्यावर आमच्याकडं एवढंच बोलणं झालं.

त्याच सुमाराला आई एकदा चुलीपुढं बसून, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुझ्या बापाला आजकाल गरम लागत नाय." अप्पा तव्यावरची भाकरी हातानंच उचलत आणि तशीच धरून मोडत, हे मीही पाहिलं होतं. मला वाटलं स्पिरिटनं कातडी जाड झाली असेल. खरं सांगायचं तर मला असं वाटून घ्यायचं होतं. कारण दोन-तीन महिन्यांपासून मी त्यांच्या मागून फळ्यांवर हात फिरवत होते आणि त्यांनी 'झालं' म्हटलेल्या फळीत मला खड्डे लागत होते. ते जेवायला गेले की मी ते गुपचूप भरायचे, घासायचे, वरून कापसाच्या पुरचुंडीनं पॉलिशचा एक हात द्यायचे. त्यांना समजायचं नाही. न समजणं हीच भीतीची गोष्ट होती आणि मी मात्र स्वतःला हुशार समजत होते.

आता इतक्या वर्षांनी, मागच्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या तळपायाला एक कडक दोरा टेकवून विचारलं, "कळतंय का?" मला शुगर आहे, आता दर सहा महिन्यांनी हे करून घ्यावं लागतं. नाक्यानाक्यावर दवाखाने आहेत आणि प्रत्येकात तो दोरा आहे; अप्पांच्या बोटांना तो कधी कोणी टेकवला नाही. मी नको तितक्या घाईनं "कळतंय, कळतंय" म्हटलं. डॉक्टर हसून म्हणाले, आजी, अजून टेकवलाच नाहीये.

तर सोमवारी मी जाणार होते आणि त्याआधीच्या मंगळवारी पिंपळगाव बसवंतहून ते टेबल आलं. द्राक्षांचा हंगाम होता. टेम्पोत निम्म्या जागेत रिकामी क्रेट आणि निम्म्यात गोधडीत गुंडाळलेलं जेवणाचं टेबल. सोबत निर्मलाताई होत्या. त्यांच्या घरचा द्राक्षांचा व्यापार होता आणि त्या उतरल्याबरोबर बोलायलाच लागल्या. "मिस्तरी, रविवारी पोरीची सुपारी फोडायची हाय. मुलाकडची पंचवीस माणसं येणार. मला हे टेबल शनवारी पाहिजे, आन् हा डाग दिसला नाय पाहिजे." त्यांनी गोधडी काढली. टेबलाच्या बरोबर मध्ये इस्त्रीचा करपलेला डाग होता, टोकदार, अगदी इस्त्रीच्याच आकाराचा. बाकी गरम पातेल्यांची पांढरी वर्तुळं होती, कडेला ओरखडे होते, पण ते सगळं किरकोळ. "कुणी केलं?" अप्पांनी विचारलं. "कोण करणार? मीच," निर्मलाताई म्हणाल्या. "फोन वाजला, गेले उचलायला. बहिणीचा होता. तुम्हाला ठाव हाय बहिणीचे फोन कसे असत्यात." अप्पा खूप दिवसांनी हसले.

टेबल अख्ख्या सागाचं नव्हतं. खाली प्लाय आणि वर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला. तेव्हा तसं सामान नवीन होतं आणि पॉलिशवाल्यांचा त्यावर राग होता, कारण त्याला चूक चालत नाही. सागाची फळी असेल तर डाग जाईपर्यंत घासा, लाकूड संपत नाही. पापुद्रा मात्र चार हात जास्त पडले की संपतो आणि खालचा पांढरट प्लाय उघडा पडतो. मग जगातलं कुठलंही पॉलिश ते झाकत नाही. पापुद्रा संपत आल्याचं दोन गोष्टींनी समजतं. बोटांखाली तो किंचित गरम आणि लवचीक लागतो, आणि पेपरचा आवाज बदलतो, कोरडी खरखर जाऊन बसका आवाज येतो. अप्पा आवाजावर विसंबत नसत. गिरणीशेजारी वीस वर्षं काढल्यावर त्यांचे कान तसेही अर्धे गेले होते.

बुधवारी त्यांनी करपलेला भाग हलक्या हातानं खरवडून घेतला. गुरुवारी भरायचं काम. चपड्यात गेरू, पिवडी आणि थोडं काजळ कालवून केलेली कांडी होती. स्पिरिटच्या बरण्या लांब ठेवून दाराशी स्टोव्ह लावला, सुरी तापवली. तापलेल्या सुरीवर कांडी धरायची, वितळलेला थेंब डागात सोडायचा आणि सुरीच्याच पात्यानं सपाट करायचा. मी समोर बसून खुर्चीचा पाय घासत होते. अप्पा निर्मलाताईंच्या बहिणीच्या फोनबद्दल काहीतरी सांगत होते, त्यांना ते फारच आवडलं होतं. बोलता बोलता त्यांनी डाव्या हाताचं पहिलं बोट पात्यावर टेकवलं, दाब द्यायला. आणि तसंच ठेवलं.

चपडा करपला तर गोडसर वास येतो. हा वास वेगळा होता. मी वर पाहिलं. बोट पात्यावर होतं, कडेनं कातडी पांढरी होत होती आणि अप्पा बोलत होते. मी ओरडायला हवं होतं. कोणीही ओरडलं असतं. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, ती अशी की मी हे बोलले तर सोमवारी मला जाता येणार नाही. त्यांच्या बोटांना समजत नाही, म्हणजे आता इथं कोणाची तरी बोटं लागणार, आणि ती माझीच. मी म्हटलं, "अप्पा, चहा टाकू का?"

त्यांनी हात उचलला. बोटाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मी खुर्चीच्या पायाकडं पाहत होते. "टाक," ते म्हणाले आणि हात लेंग्याच्या खिशात घातला. मी आत जाऊन चहा ठेवला, आलं ठेचलं, गाळला, सगळं नीट केलं. लाज वाटली असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. लाज नंतर आली, पुष्कळ वर्षांनी, आणि तेव्हा ती ऐकून घ्यायला कोणी नव्हतं. त्या दिवशी जेवताना त्यांच्या बोटाला चिंधी होती. आई त्या चिंधीकडं बघत होती. तिनं भाकरी तव्यावरून काढून थोडा वेळ गार होऊ दिली आणि मग त्यांच्या ताटात वाढली.

शुक्रवारी भरलेला भाग घासून सपाट करायचा होता. ते काम मी करते म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण तसं म्हणणं म्हणजेच बोलणं होतं. अप्पा घासायला लागले. गिरणीची वीज गेली होती, पट्टा बंद होता आणि शेडमध्ये फक्त पेपरचा आवाज. मी दाराशी बसले होते. खरखर, खरखर, आणि मग तो आवाज बसका झाला.

मला तो ऐकू आला. यात माझी काही गफलत नाही, मला तो स्वच्छ ऐकू आला. अप्पांना आला नाही. त्यांचा हात पुढं गेला, मागं आला, पुन्हा पुढं गेला. दोन हात, कदाचित तीन. तेवढ्या वेळात मी 'अप्पा' म्हणू शकले असते. मी म्हटलं नाही. टेबल बिघडलं तर त्यांचं त्यांनाच समजेल आणि मला सांगावं लागणार नाही, असं मला वाटलं. इतकं सविस्तर तेव्हा वाटलं की नाही कोण जाणे, पण थांबले ते याचसाठी. तिसऱ्या हाताला मी म्हटलं, "अप्पा, बास."

ते थांबले. फुंकर मारून भुसा उडवला. डागाच्या शेजारी तळहाताएवढा पांढरट प्लाय उघडा पडला होता. अप्पांनी त्यावर चार बोटं फिरवली, डोळे मिटून, नेहमीसारखी. मग डोळे उघडून बघितलं. मग पुन्हा मिटून फिरवली. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "रंगवून घे. तुझा ब्रश बारीक हाय."

मी रंगवलं. शुक्रवारची सगळी दुपार आणि शनिवारची सकाळ त्यात गेली. आधी पिवडीचा पातळ हात, त्यावर गेरू, मग केसासारख्या ब्रशनं सागाच्या रेषा. शेजारच्या खऱ्या रेषा जिथं संपत तिथून माझ्या सुरू करायच्या आणि पलीकडे खऱ्या रेषांना नेऊन सोडायच्या. मधे एक गाठही काढली, कारण नुसत्या सरळ रेषा खोट्या वाटतात. वरून पॉलिशचे सात हात. माझ्या आयुष्यात मी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम आहे. पुढं पस्तीस वर्षं शाळेत लेखनिकी केली, मुख्य लिपिक होऊन निवृत्त झाले, निरोपसमारंभात शाल मिळाली. त्यातलं काहीही त्या गाठीच्या तोडीचं नव्हतं.

शनिवारी दुपारी निर्मलाताई आल्या. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली, वाकून उजेडात पाहिलं, पदरानं पुसून पाहिलं. "अवो मिस्तरी, डाग कुठं होता तेच गावत नाय मला. जादूच केली की." टेम्पोवाला गोधडी घेऊन उभा होता. आता फक्त 'बरं, या' म्हणायचं होतं.

अप्पा म्हणाले, "ताई, इथं हात फिरवा."

निर्मलाताईंनी हात फिरवला. कडेशी त्यांचा हात अडखळला. "इथं जरा खोल लागतंय का?"

"लागणारच. वरचा पापुद्रा मी घासून टाकलाय. माझ्या बोटांना आता कळत नाय. लय दिवस झाले. हे लाकूड न्हाई, माझ्या पोरीनं काढलेलं चित्र हाय. गरम भांडं ठेवलं तर निघून येईल. पैशे नका देऊ. आन् तुमच्या वळखीत कुणी सामान पाठवणार असंल तर त्यांनाबी सांगा, इथं पाठवू नका."

शेडमध्ये मी उभी होते, आई हारांची टोपली घेऊन नुकतीच दारात आली होती, टेम्पोवाला होता. सगळ्यांसमोर त्यांनी हे सांगितलं, आवाज न चढवता, हिशेबानं एकेक शब्द ठेवत. निर्मलाताईंचा चेहरा उतरला. त्या रागावल्या, पण टेबलासाठी नाही. "मला कशाला सांगितलं हो हे?" त्या म्हणाल्या. "मला दिसलं नव्हतं. मी खुशीत घिऊन गेले असते. आता पंचवीस माणसं जेवत्याल आन् मी त्या जागंकडंच बघत बसंल." अप्पा म्हणाले, "व्हय, ते चुकलं." त्यांनी टेबल चढवायला स्वतः हात लावला. निर्मलाताईंनी जाताना पैसे गिरणीच्या ओट्यावर ठेवले आणि मागं न बघता टेम्पोत बसल्या. पिंपळगाव केवढंसं, आणि नाशिक तरी तेव्हा केवढं होतं. आठ दिवसांत सगळीकडं झालं.

टेम्पो गेल्यावर आई आत गेली. मी बरण्यांची झाकणं लावत होते. अप्पा खुर्चीवर बसले, मी अर्धवट घासलेल्या.

"परवा तुला वास आला हुता," ते म्हणाले.

"हो."

"तू बोलली न्हाईस ते बरं केलं. बोलली असतीस तर मी तुला थांब म्हटलं असतं. मला ऱ्हावलं नसतं." ते थोडा वेळ बोटाच्या चिंधीशी चाळा करत बसले. "आता इथं कामच येणार न्हाई. मग तू कशासाठी थांबशील? सोमवारची पहिली गाडी धर. दुपारची लय भरते."

म्हणजे ते खरं तर निर्मलाताईंसाठी बोललेच नव्हते, माझ्यासाठी बोलले होते. वीस वर्षांचं नाव त्यांनी माझ्या वाटेतून उचलून बाजूला ठेवलं होतं, आणि तेही असं की मला त्यांना अडवता येऊ नये. पेपरचा आवाज बसका झालेला मी ऐकला होता, हे मला तेव्हाच त्यांच्यापाशी बसून सांगता आलं असतं. त्यांनी वासाचं विचारलं, आवाजाचं विचारलं नाही. त्यांना माहीतच नव्हतं की आवाज होता. त्यांच्या हिशेबी त्या पापुद्र्याचा दोष पूर्णपणे त्यांच्या बोटांचा होता.

सोमवारी मी पहिली गाडी धरली. पुढची अकरा वर्षं अप्पा पंचवटीत आईशेजारी बसून फुलांवर पाणी शिंपडत होते. मी सुट्टीत आले की बाजारातल्या बायकांना माझ्याकडं बोट दाखवून सांगायचे, माझ्या हातनं एक टेबल वाया गेलं होतं, ते हिनं राखलं. मी दर वेळी हसायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, जाऊ द्या हो अप्पा, त्यात काय एवढं.